गुरुवारी पाणी बंद

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पहाटे सव्वाचारला सायकलला लोखंडी चावी बांधून
शुक्रवार, सदाशिव, मग खाली दत्तवाडी.
किती आटे फिरवले की कोणत्या गल्लीत
दुसऱ्या मजल्याला धार लागते
हे मनगटाला पाठ होतं.
कागदावर कुठेच नव्हतं.

आता डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत,
काड्यापेटीएवढं यंत्र. तीन तारा.
हृदयाच्या दोन्ही बाजू एकदम आवळायला लावतं.
आधी एक पुढे, एक मागे:
दोघा हमालांनी कपाट उचलावं
आणि एकाने जिन्यातच थांबून तंबाखू मळावी, तसं.
कपाट माझं. डॉक्टर लुंकड मॅडम
'सिंक्रोनी' म्हणाल्या होत्या.

बसवण्याआधी मात्र त्या हृदयाचं बोलल्याच नाहीत.
रिपोर्टावर पेनाचं टोक ठेवून म्हणाल्या,
कुदळे, क्रिएटिनिन दोन पॉइंट तीन.
यंत्र सगळ्यांना सारखंच बसतं,
सारखं लागू पडत नाही.
किडनी थकलेली असली की फायदा कमी.
कमी म्हणतेय, शून्य नाही.
आणि कधीकधी उलटंही होतं,
हृदय नीट ढकलू लागलं की किडनी सावरते.
तुमचं कुठलं होईल, आज सांगता येणार नाही.

मी म्हटलं, मॅडम, पर्वतीच्या जलकेंद्रात हेच.
नवा पंप आला की साहेब लोक नारळ फोडायचे, पेढे वाटायचे,
आणि मागे फिल्टरची वाळू
गाळाने बसलेली.
पंप बिचारा जोर लावतोय,
पाणी येतंय, पण कसलं.
त्या हसल्या नाहीत. पेनाला टोपण लावलं.
म्हणाल्या, बरोबर. म्हणजे, जवळपास.

शीर दिसावी म्हणून सोडतात तो रंगही
किडनीला सोसत नाही;
तो त्यांनी केशरासारखा मोजून वापरला.

शेजारच्या खाटेवर इनामदार, कोंढव्याचे, छापखानावाले.
तीच कंपनी, तोच आठवडा,
तारा ओवणारा मुलगाही तोच. किडनी धडधाकट.
तीन महिन्यांनी त्यांचा फोन:
पर्वती चढलो हो! मध्ये दोनदाच बसलो.
मी म्हटलं, वा.
फोन ठेवून बराच वेळ
घोट्यावर अंगठा दाबत बसलो.
खड्डा पडतो. भरायला वेळ लागतो.
पूर्वी चाळीसपर्यंत मोजायचो, आता पंचवीस.
एवढीच माझी पर्वती.

कौसल्या सकाळी स्टीलचा तांब्या भरते.
लिटरभर, चोवीस तासांचं.
गोळ्या, चहा, ताक, सगळं त्यातच.
माझ्या एका आट्यावर अख्ख्या चाळीच्या बादल्या भरायच्या,
तो मी रात्री साडेनऊला
तांब्या तिरका करून तळ बघतो.
बायका दारात अडवायच्या, कुदळे, पाणी का नाही?
मी सांगायचो, वरूनच कमी आलंय.
आता मी तिच्याकडे बघतो
आणि ती सांगते,
वरूनच कमी आलंय.

परवा रिपोर्ट आला.
पंपिंग पंचवीसचं एकतीस.
क्रिएटिनिन दोन पॉइंट एक.
मॅडमनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली,
एकीवर पेन जरा जास्त रेंगाळलं.
कोणत्या, ते मी नीट बघायला हवं होतं.
मी खिडकीबाहेरचा टँकर बघत होतो,
त्याचा कॉक गळत होता.

आज गुरुवार. सोसायटीच्या फळ्यावर
वॉचमनने खडूने लिहिलंय
शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने पाणी येईल.
हे वाक्य मी हजार वेळा तोंडाने सांगितलंय,
कधी वाचलं नव्हतं.

रात्री पाइपात हवा फिरते, खोकल्यासारखी.
मी उशीवर एक कान दाबून,
आतला कुठला आवाज, बाहेरचा कुठला, लावत पडलोय.
झोपा आता, कौसल्या म्हणते.
तांब्यात दोन घोट आहेत अजून.
ठेव, म्हटलं. पहाटेला लागतील.